सर्व्हरवरचे रुमाल हटवण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (साधनसामग्री),
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

मार्फत : पर्यवेक्षक, रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष (रजेवर असल्याने सही घेता आलेली नाही)

विषय : देखरेख सॉफ्टवेअरच्या अपडेटसाठी कॉल सर्व्हरच्या डिस्कवर पुरेशी जागा मिळणे, आणि ती मिळेपर्यंत त्याच डिस्कवरील १२० जीबीची निरुपयोगी फाइल काढण्याची परवानगी मिळणे, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे डिस्क वापराबाबतचे परिपत्रक, बोलीभाषेत ‘नव्वद टक्के परिपत्रक’.
२) अपडेट एक तारखेपूर्वी पूर्ण करण्याबाबत आपल्याच कार्यालयाचा आदेश.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, व त्यांपैकी दुसऱ्यावरील आपल्या कार्यालयाचा शेरा : ‘पाहिले.’

महोदय,

१. माझ्या यापूर्वीच्या तिन्ही अर्जांत आकडे आधी आणि कारण शेवटी होते. विज्ञानाच्या शिक्षणाने लागलेली ती सवय आहे : आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. परंतु ते अर्ज ज्या शेऱ्यांसह परत आले त्यांवरून निष्कर्षापर्यंत कोणी पोहोचले नसावे असे दिसते. म्हणून या वेळी उलट क्रमाने लिहीत आहे.

२. मी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात प्रणाली सहायक आहे. नागरिक संकटात असताना जो फोन करतात तो आमच्या कक्षात वाजतो. कॉल घेणाऱ्या ताई पत्ता टाइप करतात, तो कॉल सर्व्हरवर नोंदला जातो आणि तेथून जवळच्या रुग्णवाहिकेत चालकासमोरच्या पडद्यावर पोहोचतो. त्याच सर्व्हरवर दुसरे एक सॉफ्टवेअर बसवलेले आहे. ते कॉल घेत नाही, फक्त लक्ष ठेवते. सर्व्हर तापला, डिस्क भरत आली, टेलिफोनची लाइन बंद पडली, की ते भोंगा वाजवते.

येत्या एक तारखेला टेलिफोन कंपनी आमच्या लाइनची यंत्रणा बदलणार आहे. देखरेख सॉफ्टवेअरची आमच्याकडील आवृत्ती ती नवी यंत्रणा ओळखत नाही. पुढची आवृत्ती ओळखते. अपडेट त्याआधी झाले नाही तर एक तारखेनंतर लाइन बंद पडल्याचे आम्हाला कळणार नाही. कक्षात शांतता होईल, इतकेच. फोन वाजत नाहीत म्हणजे आज सगळ्यांची प्रकृती ठीक आहे, असे आम्ही समजू.

हे कल्पनेने लिहिलेले नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी फोन अचानक थांबले. कॉल घेणाऱ्यांमधील सर्वांत अनुभवी बाई, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, “आज देवानं आजारांना सुट्टी दिली वाटतं. चला, चहा मागवा कुणीतरी.” त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी भोंगा वाजला आणि आम्ही दुसऱ्या लाइनवर गेलो. भोंगा नसता तर आम्ही चहा प्यायलो असतो.

३. आता आकडे. अपडेट करताना जुनी आवृत्ती शेवटपर्यंत जागेवर राहते. नवी तिच्या शेजारी उघडली जाते आणि सगळ्या जुन्या नोंदींची नव्या पद्धतीची दुसरी प्रत तयार होते. ती बिनचूक झाल्याची खात्री पटली की मगच जुनी पुसली जाते. घर बदलणाऱ्या कुटुंबाला सामान हलेपर्यंत दोन्ही घरांचे भाडे भरावे लागते, तसा हा प्रकार आहे. या कामाला काही तासांपुरती १०० जीबी जागा लागते.

शिवाय डिस्कवरील मोकळी जागा २५ जीबीच्या खाली गेली की कॉल सॉफ्टवेअर नवीन नोंद घेणे थांबवते. नोंद अर्धवट राहून जुन्या नोंदी बिघडू नयेत म्हणून ते बनवणाऱ्यांनीच केलेली ती सोय आहे. म्हणजे लागणार १२५. डिस्क ५०० जीबीची असून तीवर ४३० भरलेले आहेत. शिल्लक ७०. ही वजाबाकी मी तिन्ही अर्जांत करून दिली होती. उत्तर प्रत्येक वेळी ५५ जीबीची तूट असेच आले.

कॉलचे आणि देखरेखीचे सॉफ्टवेअर एकाच डिस्कवर ठेवण्याचा निर्णय माझ्या नेमणुकीपूर्वीचा आहे, त्यावर भाष्य करणे मला शोभणार नाही. कुंपणच शेत खाते असे ऐकले होते. येथे कुंपण दुरुस्त करण्याइतकीही जागा शेतात उरलेली नाही. जोडीला जो राखीव सर्व्हर आहे तो हुबेहूब याची प्रत असल्याने त्याचीही हीच अवस्था आहे. बाहेरची डिस्क जोडण्यास सुरक्षा विभागाची मनाई आहे.

४. भरलेल्या ४३० जीबीपैकी १२० जीबी एका फाइलने व्यापलेले आहेत. तिला सर्व विभागांत ‘रुमाल’ म्हणतात. बसच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात, त्यावरून हे नाव पडले असावे. या प्रथेची आपल्याला कल्पना असेलच. नसल्यास थोडक्यात सांगते. वर्षअखेरीस आपले कार्यालय प्रत्येक विभागाची न वापरलेली डिस्क काढून घेऊन गरजूंना देते. हेतू उत्तम आहे. पण एकदा गेलेली जागा परत मिळवायला वर्ष जाते, हे विभागांना अनुभवाने ठाऊक झाले. त्यामुळे प्रत्येक विभाग वर्षअखेरीआधी आपल्या वाट्याच्या जागेत एक मोठी रिकामी फाइल ठेवतो आणि जागा वापरात असल्याचे दाखवतो.

आमच्या सर्व्हरवरील रुमाल संख्याशास्त्र विभागाचा आहे. कॉलच्या आकडेवारीसाठी त्यांना तेथे वाटा दिला होता. आकडेवारी आली नाही, रुमाल आला. त्यात काय आहे ते मी पाहिले आहे. शून्ये आहेत. सुरुवातीला शून्य, मध्ये शून्य, शेवटी शून्य. तरीही त्याला एक रीतसर जबाबदार अधिकारी नेमलेला आहे. त्याची रोज प्रत काढून दुसऱ्या इमारतीत सुरक्षित ठेवली जाते. आग लागली, पूर आला, इमारत कोसळली, तरी ही शून्ये वाचतील. शिवाय त्याला कोणी हात लावू नये म्हणून देखरेख सॉफ्टवेअर त्याच्यावरही लक्ष ठेवते, आणि जिच्यावर लक्ष ठेवायचे त्या लाइनसाठी स्वतःला अपडेट करून घ्यायला त्याच्याकडे जागा नाही.

ही फाइल मी एका आज्ञेने काढू शकते. परंतु परिपत्रकाच्या शेवटच्या कलमानुसार एखाद्या विभागाची वापरात असलेली फाइल त्याच्या लेखी संमतीवाचून काढणे हा शासकीय मालमत्तेचा नाश आहे. आणि परिपत्रकाच्या व्याख्येप्रमाणे रुमाल वापरात आहे.

५. म्हणून मी संमती मागण्यास संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांकडे गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं सगळं पटतंय हो. पण आज मी रुमाल उचलला आणि उद्या आकडेवारी आली, तर तिला काय दांड्याला धरून उभं ठेवू?” आकडेवारी कधी येणार असे विचारले. ते म्हणाले, “ते तुमच्याच कक्षाकडून यायचंय.” हे खरे निघाले. आमच्या कक्षाने ती पाठवलेली नाही, कारण ती तयार करायला सर्व्हरवर जागा नाही.

तेथून मी आपल्या कार्यालयात आले. मंजुरीचे काम पाहणाऱ्या मोठ्या बाबूंनी परिपत्रक माझ्यापुढे सरकवले. वापर नव्वद टक्के झाल्याखेरीज नवी डिस्क मंजूर होत नाही. आमचा वापर शहाऐंशी टक्के. ते म्हणाले, “चार टक्क्यांसाठी मी माझं पेन्शन पणाला लावू का, बाई? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा.” मी त्यांना २५ जीबीची मर्यादा समजावली : नव्वद टक्के गाठेपर्यंत थांबायचे आणि त्यानंतर मंजुरीला दोन महिने धरायचे, तर त्या काळात कॉल बंद पडतील. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. मग आवाज खाली आणून, माझ्या भल्यासाठीच, म्हणाले, “वीसच जीबी कमी पडतायत ना? मग टाका की अजून एक रुमाल.”

मी त्यांना दोष देत नाही. नियमात राहून मला मदत करण्याचा तो एकच मार्ग होता आणि त्यांनी तो दाखवला. मात्र जागा मिळावी म्हणून जागा भरायची, हे माझ्याने झाले नाही. मी निरोप घेतला.

६. दुसऱ्या अर्जावर ‘पाहिले’ असा शेरा आला. तिसऱ्यावर आला तो असा : ‘जागेअभावी अपडेट अपयशी ठरते याचा पुरावा जोडावा.’ मागणी शास्त्रीय होती, त्यामुळे मला बरे वाटले. माझ्या टेबलाखाली एक जुने मोडीत काढलेले यंत्र आहे. त्यावर मी तेवढीच डिस्क, तेवढाच भार आणि शून्यांचा तेवढाच रुमाल अशी सगळी मांडणी केली आणि अपडेट सुरू केले. ते दोन तृतीयांश होऊन थांबले. जुनी आवृत्ती चालेना, नवी उघडेना. घरातले सामान निम्मे ट्रकमध्ये, निम्मे जिन्यात, आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या हरवलेल्या. पडद्याची छायाचित्रे जोडून पाठवली. त्यावर शेरा आला : ‘सदर प्रयोग प्रत्यक्ष सर्व्हरवरील नाही.’

महोदय, प्रत्यक्ष सर्व्हरवर हा प्रयोग अपयशी करून दाखवणे मला शक्य आहे. पण त्याचा अहवाल लिहिताना मागे फोन वाजत नसतील.

त्याच शेऱ्याखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिले होते की विभागाच्या सर्व सर्व्हरांची सरासरी मोकळी जागा एक्केचाळीस टक्के आहे, सबब टंचाई दिसून येत नाही. ग्रंथालयाचा सर्व्हर मोकळा आहे हे खरे आहे. त्यांच्याकडे फोन येत नाहीत, हेही खरे आहे.

७. घरगुती मत शासकीय अर्जात नमूद करणे अप्रशस्त आहे, तरी एका वाक्यापुरती क्षमा असावी. हे सगळे जेवताना सांगितल्यावर माझ्या सासूबाईंनी विचारले, “अगं, फ्रीजमधलं रिकामं पातेलं काढायला मी कुणाला अर्ज करते का?” मी त्यांना म्हटले की आई, पातेले दुसऱ्या विभागाचे आहे. त्या म्हणाल्या, “मग फ्रीज कुणाचाय?” या प्रश्नाचे उत्तर परिपत्रकात शोधले. मिळाले नाही. आपणांस ठाऊक असल्यास कळवावे.

आज अठ्ठावीस तारीख, शुक्रवार. उद्या-परवा सुट्टी. एक तारखेच्या आत आपल्या कार्यालयाचा आजचाच एक दिवस आहे. तरी आज सायंकाळपर्यंत खालीलपैकी कोणतीही एक गोष्ट व्हावी : नवी डिस्क, किंवा रुमाल काढण्याची लेखी परवानगी, किंवा अपडेट करू नये असा लेखी आदेश. तिसरा पर्याय मला नको आहे. पण तो निदान कोणाच्या तरी सहीने असेल.

८. येथपर्यंतचा अर्ज आज सकाळी लिहून झाला होता. पुढचा दुपारी लिहीत आहे. वरचा मजकूर बदललेला नाही, कारण सकाळी तो खरा होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी अर्जाची प्रत काढत असताना कक्षात भोंगा वाजला. पाठोपाठ आक्कांचा आवाज आला, “मोजपट्टी! अगं ये मोजपट्टी, हे नोंद घेत नाहीये!” मला कक्षात या नावाने हाक मारतात. मी धावत गेले. सर्व पडद्यांवर एकच वाक्य होते : नवीन नोंद घेता येत नाही. डिस्कवर वीस जीबी शिल्लक दाखवत होती. सकाळी सत्तर होती.

झाले होते ते असे. मोठ्या बाबूंनी आमच्या अडचणीचा विषय संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांकडे काढला. प्रमुखांना मनापासून वाईट वाटले. पहिला रुमाल काढण्याची त्यांची तयारी नव्हती, पण मदत करण्याची होती. त्यांनी आमच्या सर्व्हरवर दुसरा रुमाल ठेवला. वीस जीबी पुरले असते. त्यांनी मोठ्या मनाने पन्नास ठेवले. त्यांचा निरोप मला नंतर मिळाला : ‘आपल्या अर्जास बळ मिळावे म्हणून.’ त्याच निरोपाखाली आपल्या कार्यालयाकडून आपोआप निघालेले पत्र होते. वापर शहाण्णव टक्के झाल्याने नवीन डिस्कसाठी आमचा कक्ष पात्र ठरल्याबद्दल त्यात अभिनंदन केले होते.

कक्षात त्या वेळी तीन फोन चालू होते. आक्कांनी चहाच्या बिलाच्या मागे पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्या हाताने चालकाला मोबाइल लावून ओरडून सांगितला, “पडद्यावर काय बघतोयस, पडद्यावर नाही येणार! माझं ऐक, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, हिरवं फाटक!” शेजारच्या ताईंनी पत्ता तळहातावर लिहिला. या दोन्ही ठिकाणी रुग्णवाहिका पोहोचल्या आहेत.

तिसरा कॉल एका मुलीचा होता. आवाजावरून आठ-नऊ वर्षांची असावी. ती म्हणाली, “आजी उठत नाहीये.” ताईंनी विचारले, “बाळा, घर कुठंय तुझं?” आणि फोन कटला. एरवी अशा वेळी काळजीचे कारण नसते. क्रमांक सर्व्हरवर नोंदलेला असतो, ताई लगेच उलट फोन करतात. या वेळी क्रमांक नोंदला गेला नाही. पडद्यावर होता तोवर ताईंची नजर कीबोर्डवर होती. फोन कटला तसा तोही गेला.

९. यानंतर मी काय केले ते स्पष्ट लिहिते, म्हणजे चौकशी अधिकाऱ्यांचा वेळ जाणार नाही.

दुसरा रुमाल काढला असता तर कॉल पुन्हा सुरू झाले असते. तेवढे पुरेसे होते, आणि ते मला त्या क्षणी माहीत होते. मी दुसरा रुमाल काढला. कॉल सुरू झाले. भोंगा थांबला. आक्का पुढच्या फोनवर बोलू लागल्या. त्यानंतर खुर्चीत नीट बसून, पाणी पिऊन, मी पहिला रुमालही काढला. दुसऱ्या इमारतीतली त्याची प्रतही काढली, म्हणजे तो कोणाला आपोआप परत आणता येऊ नये.

पहिला रुमाल गडबडीत गेला, असे लिहिता आले असते. गोंधळ एवढा होता की कोणी शंका घेतली नसती, आक्का तर म्हणाल्याच, “हातून गेला म्हण. मी साक्ष देते.” पण तो हातून गेला नाही. मी तो काढला. तसे लिहिले नाही तर पुढच्या वर्षअखेरीस तेथे नवा रुमाल येईल आणि आज काय झाले हे एक तांत्रिक बिघाड म्हणून फाइलबंद होईल.

सबब या अर्जाच्या विषयात ‘परवानगी’ या शब्दाऐवजी ‘कार्योत्तर मंजुरी’ असे वाचावे. मंजुरी न मिळाल्यास परिपत्रकातील शेवटचे कलम मला लागू होते आणि मला ते मान्य आहे. नष्ट झालेल्या मालमत्तेचे मूल्यांकन करताना ती शून्ये होती, एवढे ध्यानात घ्यावे.

१०. सद्यःस्थिती. डिस्कवर १९० जीबी मोकळे आहेत. आपल्या आदेशाप्रमाणे मी अपडेट सुरू केले आहे. ते रात्रीपर्यंत चालेल. हे काम चालू असताना देखरेख बंद असते, त्यामुळे लाइन चालू आहे का हे पाहायला मी अधूनमधून माझ्या मोबाइलवरून कक्षाला फोन करते. आक्का उचलतात, “आहे गं, जिवंत आहे,” म्हणतात आणि ठेवतात.

आमचा वापर आता बासष्ट टक्के झाल्यामुळे नवीन डिस्कसाठीची आमची पात्रता संपली, असे पत्र आत्ताच मिळाले. ते आपोआप निघाले असावे, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासोबत संख्याशास्त्र विभागाचाही फोन येऊन गेला : कार्यालय सुटण्याआधी आम्ही आमचे रुमाल पूर्ववत ठेवू, तुम्ही काळजी करू नका. अपडेटच्या मधोमध त्या दोन्ही फाइल परत आल्या तर माझ्या टेबलाखालच्या यंत्रावर जे घडले तेच प्रत्यक्ष सर्व्हरवर घडेल, आणि आपल्या कार्यालयाने मागितलेला पुरावा उपलब्ध होईल. ते टाळण्यासाठी त्यांचा आमच्या सर्व्हरवरील प्रवेश मी बंद केला आहे. असा अधिकार मला नाही. हेही कार्योत्तर मंजुरीत समाविष्ट करावे. अपडेट संपेपर्यंत मला खुर्ची सोडता येणार नाही, म्हणून नोटीस काढायची झाल्यास ती कक्षातच पाठवावी. सही करून घेईन.

११. हा परिच्छेद लाल शाईने अधोरेखित केला आहे.

त्या मुलीचा क्रमांक टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत आहे. मी त्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलले. क्रमांक आणि त्यावरून घराचा पत्ता ते लगेच देऊ शकतात, मात्र नागरिकाची माहिती असल्याने विनंती आमच्याकडील उपसंचालक दर्जाच्या सहीनेच लागते. फोनवर सांगून चालत नाही. मी विचारले, विनवले, एकदा आवाजही चढवला. त्यांचाही एक नियम आहे. मुलीने पुन्हा फोन केला असल्यास तो दुपारच्या इतर कॉलमध्ये असेल. आम्ही प्रत्येक कॉल ऐकून पाहिला. आजी कोणाच्याच तोंडी नाही. मुलीने पुन्हा फोन केलाच नसेल, किंवा तिच्याऐवजी घरातल्या कोणा मोठ्या माणसाने केला असेल. दोन्ही शक्यता खुल्या आहेत, आणि मला त्यांतली एक निवडता येत नाही.

विनंतीचे पत्र तयार करून मी ते आमच्या शिपाईकाकांच्या हाती या अर्जाआधीच पाठवले. त्यांनी आपल्या कार्यालयातून फोन करून कळवले की साहेब बैठकीत आहेत, आणि बैठकीत आत कागद पाठवायची पद्धत नाही. मी त्यांना थांबायला सांगितले. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही तिकडं बघा. साहेब दाराबाहेर पडले की मी जिन्यात आडवाच उभा राहतो, मग काय व्हायचं ते होऊ दे.” ते अडुसष्ट पायऱ्या चढून गेले आहेत, म्हणजे मी नको म्हटले तरी परत येणार नाहीत.

हा अर्ज आपल्या हाती येईल तेव्हा ते आपल्या दारात उभे असतील. अर्ज कृपया बाजूला ठेवावा. डिस्कचा निर्णय सोमवारी झाला तरी चालेल, माझा त्यानंतर केव्हाही. प्रथम दार उघडावे आणि त्यांच्या हातातील कागदावर सही करावी.

आज्ञाधारक म्हणवून घेण्याचा हक्क आज गमावलेली, तरी आपलीच नम्र,

(सही)
प्रणाली सहायक,
रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष

दिनांक : २८, शुक्रवार

सोबत :
१) डिस्कच्या जागेचा तक्ता, सकाळचा.
२) तोच तक्ता, दुपारचा.
३) आक्कांनी पत्ता लिहिलेले चहाचे बिल, मूळ प्रत (नोंद म्हणून ग्राह्य धरावे).
४) टेलिफोन कंपनीस विनंतीपत्र : येथे जोडलेले नाही. दाराबाहेर आहे.